तक्त्यात टीटी बाईक जिंकली, पण मन मानत नाही: ट्रायथलॉनची सायकल निवडताना भार कशाला द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपुरात मिहानमध्ये नोकरी करतो. वय ३६, उंची १६८ सेंमी. तीन वर्षांपासून हायब्रिड (सपाट हँडलची साधी सायकल) चालवतोय. पुढच्या वर्षी गोव्याची ७०.३ (हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन: पोहणं, ९० किमी सायकल, २१ किमी पळणं) करायची आहे. हातात १ लाख ६० हजार आहेत. पर्याय तीन: नवी ॲल्युमिनियमची रोड सायकल (शिमानोचे टियाग्रा गिअर, १ लाख १५ हजार), पुण्यातल्या एकाची वापरलेली कार्बन टीटी बाईक (टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने वाकून वेगात जायची सायकल; १ लाख ३० हजार), किंवा आहे त्याच हायब्रिडला एरोबार (कोपर टेकवून पुढे वाकायचे दांडे) आणि बारीक टायर. अकरा निकषांचा तक्ता केला, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे भार दिला, पाचपैकी गुण दिले. टीटी ३.९२, रोड ३.८८. टीटी जिंकली, पण मन मानत नाही. शनिवारपर्यंत पुण्याला कळवायचं आहे. काय करू?"

भाऊ, मन मानत नाही त्याला कारण आहे. तुमची बेरीज मी दोनदा तपासली, ती बरोबर आहे. चूक त्याच्या आधीच झाली आहे, भार वाटताना. मी गेली चौदा वर्षं नागपुरात सायकलींचं फिटिंग करतो, स्वतः ट्रायथलॉन करतो, आणि असे तक्ते पुष्कळ पाहिले आहेत. जवळपास प्रत्येकात हीच चूक असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तक्त्यातली पहिलीच ओळ घ्या. सायकलचं वजन, भार शंभरपैकी २०. टीटी ८.८ किलो, तिला ५ गुण. रोड ९.४ किलो, तिला ३. म्हणजे या एका ओळीतून टीटीला ०.४० ची आघाडी मिळाली आणि शेवटी ती जिंकली ०.०४ ने. तुमचा अख्खा निर्णय ६०० ग्रॅमवर उभा आहे. आता हे ६०० ग्रॅम रस्त्यावर काय करतात ते बघा. सपाट रस्त्यावर ताशी ३१ किमीने जाताना इतकं जास्तीचं वजन ओढायला साधारण पाव वॉट लागतो. पाव वॉट! बाटली उचलून पाणी पिताना तुमचा कोपर बाहेर येतो, त्यात याहून कितीतरी जास्त ताकद वाया जाते. चिखलदऱ्याचा घाट चढायचा असता तरीसुद्धा तासाभराच्या चढात अर्ध्या मिनिटाच्या आतलाच फरक पडला असता.

"पण वजन तर महत्त्वाचं असतं ना?" असं तुम्ही म्हणाल. असतं. पण भार निकषाच्या नावाला द्यायचा नसतो. तुमच्यासमोर असलेल्या पर्यायांमध्ये त्या निकषावर जो फरक आहे, त्या फरकाला द्यायचा असतो. फ्लॅट बघताना पाणी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, यावर वाद नाही. पण बघितलेल्या तिन्ही फ्लॅटना सारखंच पाणी येत असेल, तर त्या निवडीत पाण्याचा भार शून्य. मग ऑफिसपासूनचं अंतर ठरवतं, वर येणारं ऊन ठरवतं. सायकलचंही तसंच आहे.

दुसरी गोष्ट. 'वजन' २०, 'वेग' १५, 'एरो' (हवेचा कमी अडथळा) १५, 'कार्बन फ्रेम' १०. या चार ओळी वेगळ्या दिसतात, पण चौघी मिळून एकच गोष्ट सांगतात: ही सायकल वेगात जाते. एकाच गुणाचे चार वेळा पैसे मोजले तुम्ही. शंभरातले साठ तिकडेच गेले आणि उरलेल्या सात निकषांना मिळून चाळीस. अशा तक्त्यात टीटी हरली असती तरच मला नवल वाटलं असतं.

आता नव्याने मांडू. तराजू काढायच्या आधी चाळणी लावायची. काही गोष्टींना गुण द्यायचेच नसतात. त्या एकतर पास, नाहीतर नापास. स्पर्धेचे नियम ही पहिली चाळणी. गोव्याच्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला (ड्राफ्टिंगला) मनाई आहे, जो तो एकट्याने चालवतो, त्यामुळे टीटी चालते आणि बाकी दोन्हीही चालतात. उद्या तुम्ही ड्राफ्टिंगला परवानगी असलेल्या स्पर्धेत उतरणार असाल तर मात्र तिथे टीटी बाद. ड्रॉप हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची रोड सायकलच लागते. दुसरी चाळणी एकूण खर्चाची, नुसत्या किमतीची नाही. टीटीला नवी चेन, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), टायर, फिटिंग, क्लीटचे (बूट अडकवायचे) पॅडल आणि बूट धरले की ती १ लाख ६० हजारांना अगदी टेकते. रोडला एरोबार, पॅडल-बूट, बाटलीचे दोन पिंजरे धरून १ लाख ४० हजार. हायब्रिडचा सगळा फेरफार २२ हजारांत होतो. तिन्ही पास, पण टीटी काठावर.

तिसरी चाळणी मापाची, आणि इथे कृपा करून तडजोड करू नका. चुकीच्या मापाच्या सायकलला दहा चांगले गुण जोडले तरी ती चुकीच्याच मापाची राहते. घरी आजच करा: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये वर घट्ट दाबून धरा, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. समजा ७८ सेंमी आलं, तर ६८.९. क्रँकच्या मध्यापासून (पॅडलचे दांडे फिरतात त्या आसापासून) सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढी उंची लागेल. हा सुरुवातीचा अंदाज आहे, शेवटचं फिटिंग नव्हे. पुण्याच्या माणसाला विचारा: सीट एवढी खाली येते का? सीटपोस्ट कापलेली आहे का? फ्रेमचा स्टॅक (उंची) आणि रीच (पुढची लांबी) किती मिलिमीटर? 'मीडियम साईज आहे' हे उत्तर नाही.

चाळणीतून तिन्ही सायकली उतरल्या असं धरू. आता निकष. अकरा नकोत, पाच पुरेत, आणि असे की एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही: ९० किमीला लागणारा वेळ, आठवड्याला रस्त्यावर होणारा खरा सराव, सायकलवरून उतरल्यावर २१ किमी पळायला उरलेलं शरीर, नागपुरातली दुरुस्ती, आणि शर्यतीनंतरचा वापर. दिसणं आणि ब्रँड मी काढून टाकले. आवडती सायकल माणूस जास्त चालवतो हे खरं आहे, पण ते सरावाच्या तासांत दिसेलच. पैसेही तक्त्यात नाहीत, ते शेवटी.

वेळ मी तुमच्यासाठी ढोबळ हिशेबाने काढला. तुम्ही तीन तास साधारण १५० वॉट देऊ शकता असं धरलं, सपाट रस्ता, वारा नाही. टीटीवर ९० किमीला सुमारे २ तास ४७ मिनिटं, एरोबार लावलेल्या रोडवर २ तास ५३, हायब्रिडवर ३ तास ६. या वेगाला ताकद मुख्यतः हवाच खाते आणि हवेला अडवणारी मोठी वस्तू म्हणजे सायकल नव्हे, तुम्ही. म्हणून कोपर आत घेऊन एरोबारवर वाकलेला माणूस साध्या रोड सायकलवरही टीटीच्या जवळ पोहोचतो. ती सहा मिनिटंसुद्धा टीटीवर पूर्ण ९० किमी वाकून राहिलात तरच मिळतात. मध्येमध्ये उठून बसलात की गेली.

सरावाचा निकष तुमच्या तक्त्यात नव्हताच. माझ्याही नव्हता. २०१४ साली मी असाच तक्ता करून टीटी घेतली होती. वर्धा रोडवर खापरीच्या अलीकडे, पहाटे साडेपाचला, एरोबारवर वाकलेलो असताना दुभाजकातून गाय रस्त्यावर आली. टीटीवर गिअर एरोबारच्या टोकाला असतात आणि ब्रेक खालच्या हँडलवर. हात उचलून ब्रेकपर्यंत न्यायला अर्धा सेकंद लागतो. ताशी ३२ किमीला अर्धा सेकंद म्हणजे साडेचार मीटर. तेवढेच मीटर कमी पडले. गायीला काही झालं नाही, माझं कॉलरबोन मोडलं आणि सहा आठवडे गेले. त्यानंतर मी ती सायकल फक्त रविवारी, रिकाम्या रस्त्यावर काढू लागलो. शर्यतीत साठाव्या किलोमीटरला कंबर धरली, कारण त्या बैठकीत मी पुरेसे तास काढलेच नव्हते. सायकल उत्तम होती. माझ्या आठवड्यात ती बसत नव्हती.

तुम्ही ऑफिसच्या आधी वर्धा रोड आणि आऊटर रिंग रोडवर चालवता. तिथे ट्रक आहेत, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आहेत, कुत्री आहेत. समृद्धीवर सायकलला परवानगी नाही. काटोल रोड किंवा रामटेकची बाजू चांगली, पण रोज ऑफिसच्या आधी तिकडे जाणं जमत नाही. तुमच्या मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक फेरीसमोर प्रामाणिकपणे लिहा: ही फेरी मी टीटीवर केली असती का? तुम्ही सांगितलेल्या वेळापत्रकावरून माझा अंदाज हायब्रिड ७ तास, रोड ६ तास, टीटी ३ तास. आकडे तुम्ही तुमचे घाला.

शरीराचा मुद्दा टीटीच्या बाजूने जातो आणि तो मान्य केलाच पाहिजे. रोड सायकलची सीटची नळी साधारण ७३-७४ अंशात असते, टीटीची ७६-७८ किंवा त्याहून उभी. त्यामुळे टीटीवर वाकूनही मांडी आणि पोट यांच्यातला कोन मोकळा राहतो आणि उतरून पळायला लागल्यावर पाय लवकर सुटतात. रोड सायकलवर एरोबार नुसता ठोकून दिला तर उलट होतं: शरीर दुमडतं. सीट थोडी पुढे सरकवून किंचित वर घेतली की बरंचसं साधतं. हायब्रिडवर एरोबारवरून उठलं की मनगटं सपाट हँडलवर एकाच जागी राहतात, ते मला अजिबात आवडत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. टीटीच्या तारा फ्रेमच्या आतून जातात, ब्रेक लपवलेले असतात, सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. खोल रिमला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते; ती तुमच्या पिशवीत नसेल तर हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे मिळणार नाही. शिवाय आपले सिमेंटचे रस्ते! जोडांवरून जाताना दर काही मीटरला ठक-ठक बसते आणि उभ्या सांध्यात बारीक टायर अडकण्याची भीती वेगळीच. मला इथे २८ मिमीच्या खाली टायर नको असतो, आणि जुन्या टीटी फ्रेममध्ये अनेकदा २३-२५ च्या पुढे जागाच नसते.

आता भार. डोळे मिटून अशी सायकल डोळ्यासमोर आणा जी पाचही बाबतीत या तिघींतली सर्वांत वाईट आहे: ३ तास ६ मिनिटं, आठवड्याला तीनच तास सराव, मनगटं आणि कंबर दुखणारी, दुरुस्ती अवघड, शर्यतीनंतर पडून राहणारी. यातली एकच गोष्ट वाईटावरून चांगल्यावर नेता येणार असेल, तर आधी कोणती न्याल? मी तीन तासांचा सराव सात तासांवर नेईन. त्याला १००. आता १९ मिनिटं वाचवण्याची किंमत त्या मानाने किती? मी ७० म्हणतो. शरीर ६०, दुरुस्ती ४०, नंतरचा वापर ३०. बेरीज ३०० होते. तिला शंभरात बसवायची काही गरज नाही.

गुण शून्य ते दहा. शून्य म्हणजे सरावाचे ३ तास, दहा म्हणजे ७, वेळेचंही तसंच. ही टोकं एकदा लिहून पक्की करा. नंतर चौथी सायकल यादीत आली की टोकं हलवायची नाहीत, नाहीतर तिच्या नुसत्या येण्याने जुन्या तिघींचा क्रम बदलू शकतो. मी दिलेले गुण सराव, वेळ, शरीर, दुरुस्ती, वापर या क्रमाने: रोड ७.५, ७, ७, ८, १०. टीटी ०, १०, ८, ३, १. हायब्रिड १०, ०, ३, १०, ६. भाराने गुणून दहाने भागलं की रोड २२८, हायब्रिड १७६, टीटी १३३.

इथे थांबू नका, आकडे हलवून बघा. तुमच्या घरी ट्रेनर (सायकल बसवून घरातच चालवायचा स्टँड) आला आणि टीटीचा सराव सहा तासांवर गेला असं समजा. टीटी २०८ वर येते, तरी रोड पुढे. (नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाळ्यात, कूलरसमोर ट्रेनरवर बसणं कसं असतं ते एकदा अनुभवून मगच हे तास धरा. खोलीत दमट होतं आणि घाम वाळत नाही.) ट्रेनर असूनही टीटी जिंकायला वेळेचा भार ७० वरून जवळपास १४० वर न्यावा लागतो, म्हणजे १९ मिनिटं तुम्हाला बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा ठळकपणे जास्त प्रिय असायला हवीत. वयोगटात वरचा क्रमांक गाठायचा असणाऱ्याला ती असतात, आणि अशा माणसाला मी टीटीच घ्यायला सांगतो. पहिल्या ७०.३ ला नाही.

भार नेमका ६० की ६५, यावर रात्र घालवू नका. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवलं होतं की निकष योग्य निवडले असतील तर सगळ्यांना सारखा भार देऊनही अनेकदा निर्णय जवळपास तितकाच चांगला येतो. इथे करून बघा: नुसते गुण मिळवले तर रोड ३९.५, हायब्रिड २९, टीटी २२. क्रम तोच. म्हणजे जोर भाराच्या आकड्यात कमी, आणि सरावाची ओळ तक्त्यात आहे की नाही यात जास्त.

आता पैसे. टीटीला रोडपेक्षा गुण कमी आणि खर्च २० हजारांनी जास्त, म्हणून ती गेली. उरला तो खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नव्हता: रोड आणि हायब्रिड यांच्यातला. ५२ गुणांसाठी १ लाख १८ हजार जास्तीचे द्यायचे का? यात तक्ता तुमच्या जागी उत्तर देऊ शकत नाही. माझं मत सांगतो: तुम्ही तीन वर्षं सातत्याने चालवताय, पैसे कर्जाचे नाहीत, आणि गोव्यानंतर तुम्हाला २०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेऱ्या) करायच्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तर घ्या रोड. यातली एकही गोष्ट वेगळी असती, तर मी २२ हजार हायब्रिडवर घालून आधी ऑलिंपिक अंतराची एक शर्यत करायला सांगितलं असतं: दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. हायब्रिडवर ती उत्तम होते.

पुण्याच्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा, त्याला शनिवारपर्यंत ताटकळत ठेवू नका. दुकानात जाल तेव्हा आपले बूट आणि पुस्तकाने मोजलेला आकडा घेऊन जा. तुमच्या उंचीला दोन साईज बसतील आणि दुकानदार हाताशी असलेली पुढे करील. दोन्ही मागा, दोन्हीवर वीस-वीस मिनिटं चालवा, आणि एरोबार लावणार असाल तर लहान फ्रेमकडे झुका. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) नंतर बदलता येतो, फ्रेम नाही. टायर २८ चे बसवूनच सायकल ताब्यात घ्या. पहिले तीन आठवडे एरोबार लावू नका, हात हुडवरच (ब्रेकच्या रबरी मुठींवर) राहू द्या. मग एखाद्या रविवारी रिकाम्या रस्त्यावर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा. तोवर माझ्याकडे एक चक्कर मारा, सीट किती पुढे घ्यायची ते सायकलवर बसवून बघूनच ठरवू.